वंश आणि वहिवाट

पुण्याहून लोणावळ्यास निघालेली लोकल देहूरोड मागे टाकून घोरावाडीस पोचण्यापूर्वी बेगडेवाडीच्या लहानशा स्थानकावर क्षणभर थांबते. इंद्रायणी आणि पवना ह्या दोन नद्यांमधल्या ह्या पट्ट्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने पाहिले, तर एक गोष्ट त्याच्या सहज ध्यानात यावी, की येथून चार-पाच कोसांच्या परिघात महाराष्ट्रातील उत्तम रीतीने नोंदली गेलेली तीन घराणी नांदली: देहूस तुकोबांचे मोरे-आंबिले घराणे, चिंचवडास मोरया गोसाव्यांचे देव घराणे आणि तळेगावास सेनापती दाभाड्यांचे घराणे. एक संताचे, एक देवस्थानाचे आणि एक सरदाराचे. ह्या घराण्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरुष आपणास नावानिशी सांगता येतात. आणि त्याच परिघातील वाड्यावस्त्यांवर, त्याच काळात, त्याच पावसावर भात पिकवून जगलेल्या कुणब्याच्या, महाराच्या, कोळ्याच्या वा माळ्याच्या वंशजास त्याच्या पूर्वजाचे नाव विचारले, तर पणज्याच्या पलीकडे बहुधा त्याची स्मृती जात नाही.

थोरांचे स्मरण लोक जपतात आणि सामान्यांचे विसरतात, असे सांगून ह्या भेदाची वासलात लावण्याची रीत आहे. पण ते कारण अपुरे आहे. आपल्याकडे वंशावळ स्मरणासाठी फारशी लिहिली गेलीच नाही. ती लिहिली गेली हक्कासाठी. मिरासी कोणाची, पाटीलकीत थोरला कोण आणि धाकटा कोण, इनाम मूळ कोणास दिले आणि आजचा भोगवटादार त्याच्या औरस वंशातला आहे की नाही, होळीस पहिली पोळी कोणाची आणि पोळ्यास पहिला बैल कोणाचा, असा काही प्रश्न उपस्थित झाला, म्हणजे कारकुनाने बोरू उचलावा आणि बापाचे, आज्याचे, पणज्याचे नाव कागदावर यावे, असा परिपाठ होता. जेथे तंटा नाही आणि मागणी नाही, तेथे कागद नाही. आणि ज्यास मागण्यासारखा हक्कच नव्हता, त्याचा वंश कितीही जुना असला, तरी दप्तराच्या लेखी तो नव्हताच. पूर्वजांच्या शोधास निघालेल्याने ही गोष्ट आरंभीच मनाशी पक्की केली, तर आपला पूर्वज कोण होता, असे विचारण्याआधी त्याचे नाव लिहिण्याची गरज कोणास आणि कशासाठी पडली असेल, असे तो विचारील, आणि त्याची वाट पुष्कळ सुकर होईल.

ही वाट अर्थातच आजच्या चावडीपासून मागे जाते. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली, आणि खातेदार वारला की त्याच्या वारसांची नावे फेरफाराच्या वहीत चढविण्याचा प्रघात पडला. एका वारसनोंदीत बहुधा दोन पिढ्या सापडतात. कधी भाऊबंदकीच्या कृपेने तिसरीही सापडते. अशा नोंदी एकीस एक जोडीत गेले, की शतकभराची वंशरेषा उभी राहते. त्यांतील आद्याक्षरेसुद्धा बोलकी असतात. नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असेल, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे त्याच्या पाठीमागे सातबारावर न आलेले भाऊ उभे आहेत, असे समजून त्यांचा शोध घ्यावा. ‘अ. पा. क.’ असेल, तर खातेदार अज्ञान आहे, आणि जिचे नाव पालनकर्ती म्हणून लागले आहे, ती बहुधा ऐन तारुण्यात विधवा झालेली त्याची आई आहे. नोंदीचे साल विसाव्या शतकाच्या आरंभीचे असेल, तर त्या तीन अक्षरांमागे प्लेग असू शकतो. १९१८ च्या सुमाराचे असेल, तर इन्फ्लुएन्झाची साथ असू शकते. महसुलाच्या भाषेला शोक ठाऊक नाही, तथापि तिच्यात शोकाची तारीख मात्र अचूक सापडते.

फेरफाराच्या जोडीला गाव नमुना चौदा, म्हणजे ज्यास लोक कोतवालबुक म्हणतात ती जन्ममृत्यूची नोंदवही, पाहावी लागते. ही वही गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणी मोडीत लिहिलेली आढळते. तारीख, बापाचे नाव, जात आणि अपत्य मुलगा की मुलगी, एवढे तीत असते. खुद्द अपत्याचे नाव पुष्कळदा नसते, कारण बारसे होण्यापूर्वीच वर्दी दिलेली असे. तेव्हा आपला आजा हाच तो मुलगा, हे ठरविण्यासाठी शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतली जन्मतारीख आणि ह्या वहीतली वर्दीची तारीख एकमेकींशी ताडून पाहावी लागते. गुरुजींनी शाळेत घालण्याच्या दिवशी अदमासाने १ जूनची जन्मतारीख टाकण्याची चाल सर्वत्र असल्यामुळे, ह्या दोन कागदांत काही महिन्यांचा फरक पडला, तर त्याचे नवल वाटून घेऊ नये.

येथे वाडीच्या माणसापुढे एक अडचण उभी राहते, ती कसब्याच्या माणसापुढे नसते. सरकारदप्तर मौजे ओळखते, वाडी ओळखत नाही. शेलारवाडी, बेगडेवाडी अशा मूळ गावापासून फुटून शेताच्या बांधावर वसलेल्या वस्त्या लोकांच्या तोंडी स्वतंत्र असल्या, तरी जुन्या कागदांत त्या मूळ मौज्याच्या पोटात असतात. म्हणून आधी ते मौजे, मग त्याची तर्फ आणि मग परगणा वा प्रांत निश्चित केल्यावाचून एकही रुमाल, म्हणजे दप्तराचे कापडात बांधलेले गाठोडे, सोडण्यात अर्थ नाही. त्यातून हा प्रदेश दोन तालुक्यांच्या शिवेवरचा. देहू आणि किन्हई हवेलीत, तर सोमाटणे आणि तळेगाव मावळात. सोयरीक मात्र तालुक्याची शीव पाहून होत नसल्यामुळे एकाच कुटुंबाचे अर्धे कागद पुण्याकडे आणि अर्धे वडगावाकडे असणे हे येथे स्वाभाविक आहे.

हक्कनोंदणीच्या मागे गेले, की इंग्रजी अमदानीतील दोन मोठ्या चौकशांचे कागद लागतात. कंपनी सरकारने १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनला अधिकार दिले आणि दक्षिणेतील प्रत्येक इनामदारास आपली सनद घेऊन उभे केले. मूळ इनाम कोणी, कोणास, कशासाठी दिले. आजचा इनामदार मूळ पुरुषापासून कितवा. मध्ये दत्तक झाले काय, झाले असल्यास सरकारच्या परवानगीने झाले काय. अशा प्रश्नांची उत्तरे कैफियतीच्या रूपाने लिहून घेण्यात आली, आणि त्या कैफियतींना वंशवृक्ष जोडण्यात आले. इनाम खालसा करण्याचे निमित्त शोधण्यासाठी चाललेल्या ह्या चौकशीने शेकडो घराणी हवालदिल झाली. परंतु त्यांच्या वंशजांना आपल्या पूर्वजांची जी सुसूत्र यादी आज मिळते, ती ह्या संकटाचीच देणगी होय. दुसरी चौकशी १८७४ च्या वतन कायद्याची. पाटील, कुलकर्णी, महार इत्यादी गावकामगारांच्या वतनांत प्रत्यक्ष चाकरी करण्याचा हक्क कोणत्या शाखेस आहे, हे ठरविण्यासाठी वतनरजिस्टरे तयार झाली, आणि त्यांच्या अनुषंगाने तक्षिमदारांच्या, म्हणजे वतनातील हिस्सेदारांच्या, वंशावळी दाखल झाल्या. विशेष हे, की इनाम कमिशनच्या कागदांत ज्यांना थारा नव्हता, ती महार वतनदारांची घराणी ह्या रजिस्टरांत नावानिशी आली.

त्याही मागे जावयाचे, तर पुण्याचे पेशवे दप्तर आहे. १८९१ च्या सुमारास बांधून झालेल्या दगडी इमारतीत तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ ह्या काळात त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड छापविले. पण ते राज्यकारभाराचे आणि मसलतींचे. सामान्य कुटुंबाच्या शोधकास हवे असते ते अप्रसिद्ध प्रांत-अजमासाचे, ताळेबंदाचे, थळझाड्याचे आणि निवाडापत्रांचे साहित्य. त्यांतल्या त्यात थळझाडा हा कागद मोलाचा, कारण गावातील जमीन कोणकोणत्या मूळ कुळांच्या नावाने ओळखली जाते, ते त्यात लिहिलेले असते. कुळ परागंदा झाले, जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीस गेली, तरी थळाचे नाव जुन्या कुळाचेच राही. कर्नल साइक्स ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या जमीनधाऱ्याचा अभ्यास करताना ह्या कागदांकडे लक्ष वेधले होते. वंशशोधकांनी मात्र त्यांचा जितका उपयोग करावयास पाहिजे, तितका अजून केलेला नाही.

हे कागद वाचावयाचे, तर मोडी अक्षराइतकीच कालगणनाही आली पाहिजे. मराठी दप्तराचे साल मृगापासून, म्हणजे शेतकऱ्याच्या पेरणीपासून सुरू होते, आणि ते अरबी संख्यावाचकांत उलट्या क्रमाने लिहिलेले असते. ‘इहिदे सलासीन मया व अलफ’ असे मथळ्यावर असेल, तर इहिदे म्हणजे एक, सलासीन म्हणजे तीस, मया शंभर आणि अलफ हजार, एकूण ११३१. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावयाचे, म्हणजे १७३० चा पावसाळा ते १७३१ चा उन्हाळा हे साल आले. तळेगावच्या दाभाड्यांच्या दृष्टीने हेच साल घाताचे. शाहू महाराजांनी १७१७ मध्ये ज्यांस सेनापतिपद दिले, ते खंडेराव १७२९ मध्ये वारले. आणि त्यांचे पुत्र त्र्यंबकराव १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत बाजीरावाविरुद्ध लढताना पडले. सालातले एक अक्षर चुकीचे वाचले, तर मेलेला पुत्र वर्षभर अधिक जगतो. वंशावळीत अशी माणसे थोडी नाहीत.

आता त्या तीन घराण्यांकडे वळू, कारण कागद कोणत्या कारणाने टिकतो, हे त्यांच्यावरून स्वच्छ दिसते. दाभाड्यांचा कागद टिकला तो दौलतीमुळे. गुजराथचा मुलूख आणि सेनापतिपद ह्यांचा वारस कोण, हा राज्याचाच प्रश्न होता. चिंचवडच्या देवांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मोरया गोसाव्यांपासून वंशपरंपरेने देवत्व चालत आले, अशी श्रद्धा. त्या श्रद्धेवर इनाम गावे. आणि त्या गावांवर संस्थान. १८१० मध्ये मुख्य शाखा निर्वंश झाली, तेव्हा गादीवर कोण, हा प्रश्न भक्तीचा तसाच महसुलाचाही झाला. पुढे इंग्रजी अधिकाऱ्यांनी ह्या घराण्याच्या हक्कांची जी दीर्घ छाननी केली, तिच्यामुळेच लॉरेन्स प्रेस्टन ह्या इतिहासकारास १९८९ मध्ये चिंचवडच्या देवांवर संपूर्ण ग्रंथ लिहिता आला. देवांचे भक्त असंख्य होते, आणि त्यांपैकी कोणाचीही वंशावळ इतक्या बारकाईने कोणी तपासली नाही.

तुकोबांच्या घराण्यात तर ह्या विषयातला सर्वांत मोठा विरोधाभास आहे. मूळ पुरुष विश्वंभर, त्याचे पुत्र हरी आणि मुकुंद, हरीचा विठ्ठल, विठ्ठलाचा पदाजी, पदाजीचा शंकर, शंकराचा कान्होबा, कान्होबाचा बोल्होबा आणि बोल्होबाचे सावजी, तुकाराम व कान्होबा, अशी आठ पुरुषांची परंपरा सांगितली जाते. महिपतीने १७७४ च्या भक्तलीलामृतात ह्या घराण्याची कथा ओवीबद्ध केली. शोधकाने अशा परंपरेची पहिली परीक्षा गणिताने करावी. तुकोबांचा जन्म १६०८ च्या सुमारचा धरला आणि मधल्या सात अंतरांना पंचवीस ते तीस वर्षे दिली, तर विश्वंभर चौदाव्या शतकाच्या अखेरीस वा पंधराव्याच्या आरंभी येतो. म्हणजे परंपरा कालदृष्ट्या अशक्य नाही. अशक्य नसणे म्हणजे सिद्ध असणे नव्हे, हे अर्थात सांगावयास नको. पण जी वंशावळ ह्या साध्या गणितालाच उतरत नाही, तिच्यावर पुढे शाई खर्च करण्याचे कारण राहत नाही.

विरोधाभास आहे तो पुढे. घरात महाजनकी होती, सावकारी होती. दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गेल्यावर विरक्त झालेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, अशी कथा महाराष्ट्रास परिचित आहे. ज्या पुरुषाने हक्काचे कागद पाण्यात सोडले, त्याच्या वंशाची माहिती आपणास मिळते ती मात्र हक्काच्याच कागदांतून! शके १५७१ मध्ये तुकोबांचे प्रयाण झाले, त्यानंतर जन्मलेले धाकटे पुत्र नारायणबाबा मोठे कर्तृत्ववान निघाले. त्यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा घातली आणि देवाच्या पूजाउत्सवासाठी छत्रपतींच्या घराण्याकडून देहू, येलवाडी आणि किन्हई ही इनामे संपादिली. महादेव, विठोबा आणि नारायण ह्या तीन भावांचा वंश वाढला, तसे इनामाच्या उत्पन्नावरून आणि पालखीच्या मानावरून तंटे झाले. तंटे झाले म्हणून फडनिशी कारकुनाने प्रत्येक शाखेचा पुरुष लिहिला. आणि पुरुष लिहिला गेला म्हणून आज तुकोबांच्या वंशात जन्मलेल्या डॉ. सदानंद मोऱ्यांसारख्या अभ्यासकास आपल्या घराण्याकडे इतिहासाच्या डोळ्यांनी पाहता येते. इनाम नसते, तर अभंग राहिले असते, तुकोबा राहिले असते. नातवा-पणतवांची नावे राहिली असती काय, ह्याचा संशय आहे.

हक्कासाठी लिहिलेला कागद हक्कासाठी खोटाही लिहिला जातो, हे येथेच सांगितले पाहिजे. वतनाच्या वादात दोन्ही पक्ष आपापल्या करीन्यात, म्हणजे लेखी हकिगतीत, आपलाच पुरुष मूळचा, असे लिहून देत. साक्षी मिळाल्या नाहीत तर पूर्वी दिव्यावर निकाल लागे, आणि रवा-दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढणाऱ्याचा हात ज्या अवस्थेत निघे, तीवरून त्याचा पणजा खरा की खोटा, हे ठरे. पुढच्या काळात हात पोळण्याचे भय राहिले नाही, तेव्हा वंशावळींत सूर्यवंश आणि चंद्रवंश शिरले. आपल्या भाषेत कुलवृत्तांतांचा मोठा संग्रह आहे आणि त्यांतील कित्येकांमागे एकेका पुरुषाचे आयुष्यभराचे श्रम आहेत. तरी त्यांतही जेथे कागद संपतो आणि जेथे पुराण सुरू होते, तो सांधा वाचकाने स्वतःच ओळखावयाचा असतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळली आणि १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, ते अस्सल कागद आणि नक्कल ह्यांतला भेद शिकविण्यासाठीच, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु त्याच वादांच्या कागदांत, वादाशी ज्यांचा काही संबंध नाही, अशी माणसेही येऊन जातात, आणि सामान्य घराच्या शोधकाने तेथेच डोळा ठेवावा. गोतसभेचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, झाला, की त्याखाली देशमुख, देशपांडे, पाटील ह्यांच्या मागोमाग बारा बलुतेदारांच्या साक्षी असत. लिहितावाचता येत नसे, म्हणून कारकून नाव लिही आणि शेजारी ज्याच्या त्याच्या धंद्याची निशाणी काढी: कुणब्याचा नांगर, महाजनाची तागडी, न्हाव्याचा आरसा, महाराचा विळा. वर वतन दुसऱ्याचे, मुलूख दुसऱ्याचा, भांडण दुसऱ्याचे. पण तळाशी त्या गावच्या महाराचे नाव बापाच्या नावासह आणि सालासह उभे असते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर ‘नाक’ प्रत्ययान्त नावे कोरलेली आहेत, त्यांच्याशी ह्या महजरांतील नावे ताडून पाहिली, तर त्या काळच्या महार घराण्यांच्या नामाभिधानाची पद्धत स्पष्ट होते. पहिल्या महायुद्धानंतर पुणे जिल्ह्यातील कित्येक गावांच्या वेशीत वा चावडीवर, ह्या गावातून इतके लोक लढाईस गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, अशा शिळा बसविण्यात आल्या. तेथे केवळ संख्या आहे, नावे पलटणींच्या दप्तरात शोधावी लागतात.

मावळात आणखी एका प्रकारच्या कागदाची रेलचेल आहे, आणि ती सुखाची नव्हे. हा प्रदेश दीडशे वर्षे कोणाच्या ना कोणाच्या तरी वाटेत येत राहिला आहे. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, बोरघाटातला १८६३ मध्ये. मग लोणावळ्याच्या बाजूस टाटांचे वीजप्रकल्पाचे तलाव झाले. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडचा दारूगोळ्याचा डेपो आला. त्यानंतर पवना धरण आणि द्रुतगती मार्ग. प्रत्येक वेळी भूसंपादनाचा निवाडा झाला, आणि प्रत्येक निवाड्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदार, हिस्सेदार, कुळ आणि क्वचित झाडाविहिरीसुद्धा मोजून लिहिल्या गेल्या. ज्या घराचा एरवी एकही कागद नाही, त्याची चार भावांची पुरी मांडणी जमीन जाण्याच्या दिवशी सापडावी, ह्यापरते दैवाचे क्रौर्य कोणते?

एवढे सगळे दप्तर पालथे घातले, तरी त्यातून जी वंशावळ निघते, ती अर्धीच असते. ‘बिन’ म्हणून पुत्राची ओळख, ‘कोम’ वा ‘भ्रतार’ म्हणून पत्नीची. आणि कन्येची ओळख करून देण्याचा प्रसंगच दप्तरास येत नाही. स्त्री कागदावर येते ती विधवा म्हणून, अज्ञान मुलाची आई म्हणून किंवा दत्तक घेणारी म्हणून. अभोण्याच्या ठोके देशमुखांची कन्या उमाबाई दाभाडे हिचे नाव दप्तरात ठायीठायी आहे, ते पती आणि पुत्र गेल्यावर दौलत तिने सांभाळली म्हणून. १९३७ च्या कायद्याने विधवेस आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने कन्येस मालमत्तेत हक्क मिळाला, आणि त्या सालापासून फेरफारात मुलींची नावे दिसू लागली. हक्क आला, त्याबरोबर नाव आले; वंशावळीच्या नियमास ह्याहून स्पष्ट पुरावा नको.

त्याआधीच्या स्त्रियांसाठी हक्काचे दप्तर मिटून धर्माचे आणि गळ्याचे दप्तर उघडावे लागते. श्राद्धात पित्याच्या तीन पिढ्यांबरोबर माता, पितामही, प्रपितामही ह्यांचाही उच्चार होतो आणि मातामहाच्या तीन पिढ्याही येतात. म्हणून नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळीत, गाव आणि आडनाव सांगून आपले पान उघडले, की तेथे पणजीचे नाव भेटण्याचा संभव सातबारापेक्षा अधिक असतो. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांच्या पारंपरिक यादीत येलवाडीचे मालजी गाडे हे तुकोबांचे जावई म्हणून येतात. म्हणजे काशी, भागीरथी आणि गंगा ह्या कन्यांपैकी एकीच्या सासराचा पत्ता इनामाच्या सनदेने नव्हे, तर भजनाच्या यादीने राखला. मुळशी-मावळाच्या खेड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ ह्यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्यांचा जो लाखाहून मोठा संग्रह केला, त्यात गाणारणीचे नाव आणि गाव प्रत्येक ओवीशी जोडलेले आहे. आणि त्या ओव्यांत माहेर, भाऊ, मावळण, सासूसासरे ह्यांचा जो गोतावळा येतो, तो तलाठ्याच्या कोणत्याही नमुन्यात मावणारा नाही.

आणि स्त्रीची नोंद पाहण्यासाठी बेगडेवाडीच्या माणसास तर फार दूर जावयास नको. महाशिवरात्रीस ज्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर यात्रा भरते, तेथील शेलारवाडीच्या बौद्ध लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला एक ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबप्रमुखाची पत्नी सियगुतणिका हिने, आपला पुत्र गृहपती नंद ह्यासह, हे लेणे दान दिले, असा त्याचा आशय आहे. धेनुकाकट हे गाव कार्ल्याच्या चैत्यातील स्तंभांवरही पुनःपुन्हा येते. तेथे दाते यवनही आहेत. ह्या लेखात नवरा, बायको आणि मुलगा असे तीन जण आहेत, गावाचे नाव आहे, धंदा आहे, म्हणजे वंशनोंदीस लागणारे सर्व काही आहे. आणि नोंद करणारी स्त्री आहे, शेतकऱ्याच्या घरची आहे, आणि तिने ती कोणाकडून काही मिळविण्यासाठी केलेली नसून काही दिल्याबद्दल केलेली आहे. पुढे मावळात कागद पुष्कळ झाले; परंतु एखाद्या कुणबिणीने दाती म्हणून स्वतःचे नाव लिहवून मुलाची ओळख आपल्या संबंधाने करून दिली आहे, असा कागद त्या ढिगाऱ्यात विरळाच.

अलीकडे ह्या सगळ्या दप्तराला एकाएकी पालवी फुटली आहे. मराठा समाजातील लोकांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली, आणि महसुली कागद, जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांची रजिस्टरे, तुरुंगाचे आणि पोलिसांचे अभिलेख धुंडाळले जाऊन पन्नास लाखांहून अधिक नोंदी मिळाल्याचे जाहीर झाले. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागत असल्यामुळे, ज्या कोतवालबुकांना वाळवीखेरीज कोणी विचारीत नव्हते, त्यांची पाने गावोगावचे तरुण उलटू लागले. मोडी वाचणाऱ्या वृद्धांना पुन्हा मान आला. ह्या चळवळीच्या राजकारणाशी आपणास येथे कर्तव्य नाही. पण शपथपत्रावर वंशावळ लिहून देणारा आजचा अर्जदार आणि इनाम कमिशनपुढे कैफियत घेऊन उभा असलेला त्याचा कोणी देशबंधू ह्यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर असले, तरी दोघांच्या हातचा कागद एकाच जातीचा आहे: तो पूर्वजास विचारतो ते वारसाच्या पुरते.

म्हणून ज्यास आपल्या घराची वंशावळ करावयाची आहे, त्याने ती दोन वेळा करावी. पहिली दाखल्यापुरती, जशी सरकार मागते तशी, पुरुषामागे पुरुष. दुसरी मात्र सावकाश करावी. तीत प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदातून, कोणत्या सालच्या आणि कोणत्या भांडणातून मिळाले, ते लिहावे. जेथे दुवा तुटतो तेथे जागा कोरी सोडावी, सूर्यवंशाने भरू नये. आणि घरात आजी हयात असेल, तोवर तिच्याजवळ बसून तिच्या आईचे, आईच्या आईचे, तिच्या सासूचे आणि त्या सगळ्यांच्या माहेरगावांचे नाव विचारून घ्यावे. ह्या दुसऱ्या वंशावळीवर कोणतेही वतन मिळत नाही, कोणताही दाखला निघत नाही आणि कोणतीही कचेरी ती मागत नाही. आणि कोणी मागत नाही एवढ्याचसाठी ती आपण लिहून ठेविली पाहिजे, कारण तिच्यापुरता कारकून दुसरा कोणी असणार नाही.